राईनपाडा: काळजीच्या रूपात आलेला द्वेष

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा हे आदिवासी वस्तीचं छोटं गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, तिथे आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण एसटीतून उतरून बाजाराकडे आले. त्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. पोलिसांनी नंतर सांगितल्यानुसार त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला आणि मुलं पळवणारे आले अशी हाकाटी उठली. लोक जमले, मारहाण सुरू झाली. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडण्यात आलं. जमाव तिथेही घुसला आणि हाताला लागेल त्याने त्यांना मारत राहिला. पाचही जणांचा मृत्यू झाला.

गावात पळवलं गेलेलं एकही मूल नव्हतं. मारले गेलेल्यांपैकी कोणीही कुठल्या टोळीतलं नव्हतं. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हे या समाजाचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जगणं आहे आणि ते पाच जण त्याच कामासाठी घरापासून इतक्या लांब आले होते.

या घटनेबद्दल तेव्हा भरपूर लिहिलं गेलं. व्हॉट्सअॅपने बळी घेतले हा त्या लिखाणाचा मुख्य सूर होता. तो चूक नाही, पण त्या एका वाक्यावर थांबलं की पुढचं सगळं उत्तरही फोनमध्येच शोधलं जातं. राईनपाड्याचं प्रकरण नीट उलगडून पाहिलं तर अफवा फोनवरून आलेली दिसते, मात्र या पाच माणसांना मारायचं हा निर्णय फोनवर झाला नव्हता. तो बाजारात, दिवसाढवळ्या, समोरासमोर झाला. अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य, ऑनलाइन द्वेष आणि माध्यम साक्षरता या तिन्ही प्रश्नांना हे प्रकरण भिडतं, ते या दोन जागांमधल्या अंतरामुळे.

एका व्हिडिओचा प्रवास

त्या काळात देशभर फिरलेल्या मुलं पळवण्याच्या अफवांमध्ये एक व्हिडिओ पुन्हापुन्हा दिसत होता. एखाद्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यातून टिपल्यासारखं दृश्य आहे. रस्त्यावर मुलं क्रिकेट खेळतायत. मोटारसायकलवरून दोघे येतात, गाडी मुलांजवळ हळू होते, मागे बसलेला माणूस एका मुलाला उचलतो आणि गाडी निघून जाते. बाकीची मुलं मागे धावतात. भारतात बहुसंख्य लोकांनी पाहिलेला व्हिडिओ इथे संपत होता.

मूळ व्हिडिओ इथे संपत नाही. तेच दोघे मोटारसायकलवर परत येतात, मुलाला जागच्या जागी सोडतात आणि एक फलक उलगडून धरतात. कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला क्षणभर पुरतो, अशा अर्थाचा मजकूर त्यावर आहे. कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन या हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने जनजागृतीसाठी २०१६ मध्ये हा व्हिडिओ तयार करवून घेतला होता. त्यातली मुलं आणि मोटारसायकलवाले, सगळे अभिनय करत होते.

कोणीतरी शेवटचा भाग कापला. बनावट दृश्य त्यात एकही घातलं नाही, कुणाचा चेहराही बदलला नाही. मला या कापाकापीत सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. खोट्या फोटोत काहीतरी चुकल्याच्या खुणा सापडतात, सावली जुळत नाही, अक्षरं वेडीवाकडी दिसतात. इथे तसं शोधण्यासारखं काहीच नव्हतं, कारण पडद्यावर दिसणारा प्रत्येक क्षण मूळ व्हिडिओतलाच होता. कमी होता तो फक्त संदर्भ. पालकांनी सावध व्हावं म्हणून मुद्दाम खऱ्यासारखं केलेलं चित्रण संदर्भ गेल्यावर पुरावा होऊन बसलं. जागृतीसाठी ते जितकं प्रभावी होतं तितकंच अफवेसाठीही ठरलं.

उत्तर महाराष्ट्रात फिरत असलेल्या मजकुरात आणखी एक गोष्ट होती. ओळीने झोपवलेल्या लहान मुलांच्या मृतदेहांची दृश्यं, आणि सोबत या मुलांचे अवयव काढून घेतल्याचा दावा. ती दृश्यं ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियातल्या घौटा भागात झालेल्या रासायनिक हल्ल्यातल्या मुलांची होती. म्हणजे एका देशातला जागृतीचा व्हिडिओ आणि दुसऱ्या देशातल्या युद्धाचे बळी यांना एकत्र बांधून तिसऱ्या देशातल्या तालुक्यांमध्ये भीती पेरली गेली. सोबतचा आवाज किंवा मजकूर मात्र स्थानिक असे. टोळी आपल्याच जिल्ह्यात शिरली आहे, आपल्याच शेजारच्या गावात काल मूल गेलं, अशा धाटणीचा.

मुलं पळवणाऱ्यांची भीती फोनने जन्माला घातलेली नाही. पुलाच्या पायात मूल गाडतात, धरणाला नरबळी लागतो, या वावड्या महाराष्ट्रात कित्येक पिढ्यांनी ऐकल्या आहेत. पण पूर्वी त्या ऐकीव असत आणि सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघून त्यावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवता येई. मोबाइलमुळे त्या डोळ्यांनी दिसू लागल्या आणि त्या भावाकडून, मावसबहिणीकडून, गावच्या ग्रुपमधून आल्या. अनोळखी माणसाने पाठवलेला मजकूर असता तर कुणी दोनदा विचार केला असता. इथे पाठवणारा ओळखीचा होता आणि तोही खरोखर घाबरलेला होता.

द्वेष नेमका कुठे होता

ऑनलाइन द्वेष म्हटलं की शिवीगाळ, धर्माचं किंवा जातीचं नाव घेऊन केलेली चिथावणी, धमक्या असं काही आपल्या डोळ्यांसमोर येतं. राईनपाड्याआधी फिरलेल्या मजकुरात यातलं फारसं काही नव्हतं. त्यात आर्जव होतं. मुलांना एकटं सोडू नका, अनोळखी माणसांवर लक्ष ठेवा, हा मेसेज सगळ्यांपर्यंत पोहोचवा. कोणत्याही समाजमाध्यमाच्या नियमावलीत द्वेषपूर्ण मजकुराची जी व्याख्या असते, तिच्या चाळणीतून हा मजकूर सहज पार होतो. आई-बापांनी एकमेकांची केलेली काळजी ती.

पण या काळजीच्या आत एका माणसाचं वर्णन दडलेलं असतं. तो बाहेरगावचा असतो. त्याची भाषा किंवा बोलण्याची ढब वेगळी असते. तो भिकाऱ्याच्या, साधूच्या, फेरीवाल्याच्या वेशात फिरतो. हे वर्णन कुणाला लागू पडतं? जे पोटासाठी वर्षातले कित्येक महिने बाहेरगावीच असतात त्यांना. डवरी गोसावी, जोशी, बहुरूपी, नंदीवाले. समाजाचं नावही न घेता त्या वर्णनाने भटक्या समाजांकडे बोट दाखवलं होतं.

आणि हे बोट नवीन नव्हतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या विमुक्त झाल्या, पण सराईत गुन्हेगारांसाठीच्या पुढच्या कायद्यांनी पोलिसांची नजर त्यांच्यावर तशीच ठेवली. डवरी गोसावी महाराष्ट्राच्या यादीत भटक्या जमातींमध्ये येतात, त्यांच्यावर तो कायदेशीर शिक्का असो वा नसो, पाल ठोकून राहणारे आणि दारोदार फिरणारे लोक म्हणजे संशयित, ही सवय सगळ्या गावगाड्याला लागली. गावात चोरी झाली की आधी गावाबाहेरच्या पालांकडे बघायचं. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने त्यानंतर दहा वर्षांनी या समाजांच्या हालाखीचे अहवाल केंद्राला दिले. दोघेही अध्यक्ष महाराष्ट्रातले. अहवाल आले, संशय जागचा हलला नाही.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या शकुंतला बनाजी आणि राम भट यांनी २०१९ मध्ये भारतातल्या या जमावहिंसेचा आणि व्हॉट्सअॅपचा अभ्यास मांडला. माणसं असा मजकूर पुढे पाठवतात ते केवळ त्यांना खरं-खोटं ओळखता येत नाही म्हणून पाठवत नाहीत, आधीपासून मनात असलेले पूर्वग्रह त्यामागे असतात, असं त्यांचं म्हणणं होतं. राईनपाड्याच्या बाबतीत मला ते पटतं, फक्त एक जोड देऊन. राईनपाडा हे स्वतः आदिवासी गाव आहे. तिथली माणसंही कुणाच्या तरी नजरेत कायम संशयित राहिलेली आहेत. सत्ताधाऱ्यांनी दुबळ्यांना मारलं अशी सोपी मांडणी इथे बसत नाही. एका उपेक्षित समाजाच्या हातून दुसऱ्या उपेक्षित समाजाची माणसं मारली गेली, आणि व्यवस्थेवर विश्वास नसणं हेही त्यामागचं एक कारण असणार. मूल हरवलं तर पोलीस आपल्यासाठी धावतील अशी खात्री ज्या गावाला नसते, ते गाव स्वतःच राखण करायला उठतं.

त्याच रात्री मालेगावात

त्याच रविवारी रात्री शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, मालेगावच्या आझादनगर भागात, हाच प्रकार जवळजवळ पुन्हा घडला. बाहेरून आलेल्या पाच जणांना जमावाने मुलं पळवणारे समजून घेरलं. त्यांच्यासोबत त्यांचं स्वतःचं दोन वर्षांचं मूल होतं. तेही पुरावा म्हणून बघितलं गेलं असेल तर नवल नाही, कारण संशय एकदा बसला की समोरची प्रत्येक गोष्ट त्यालाच बळकटी देते. स्थानिक लोकांनी या कुटुंबाला एका घरात आसरा दिला, बाहेर मोठा जमाव ओरडत असताना पोलीस आले आणि त्यांनी पाचही जणांना सुखरूप बाहेर काढलं.

अफवा तीच आणि दिवसही तोच. मालेगावच्या लोकांनी व्हिडिओ तपासून पाहिला होता किंवा त्यांना खोटा फोटो ओळखण्याचं प्रशिक्षण मिळालं होतं, असं काही नाही. जमाव तिथेही जमला होताच. फरक पडला तो दोन गोष्टींनी. जमावातून फुटून उभं राहण्याची आणि दार उघडण्याची तयारी काही माणसांनी दाखवली, आणि पोलीस वेळेत पोहोचले. शहरात पोलीस जवळ असतात, पाड्यावर ते लांब असतात, हा भेद मी नाकारत नाही. पण राईनपाड्यातही ग्रामपंचायतीची खोली होती. त्या खोलीत आसरा मिळू शकला असता. तीच खोली कोंडवाडा झाली.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की माध्यम साक्षरतेबद्दलची आपली कल्पना किती अपुरी आहे ते लक्षात येतं. आपण शिकवतो ते फोनवरच्या क्षणाबद्दल: मेसेज आला, थांबा, स्रोत बघा, फोटो शोधून पाहा, मग पुढे पाठवा. त्याची गरज आहेच. पण बाजारात त्या दिवशी हाकाटी ऐकून धावलेल्या कितीजणांनी तो व्हिडिओ त्या क्षणी पाहिला असेल? काहींनी आठवड्यापूर्वी पाहिला असेल, अनेकांनी फक्त कुणाच्या तोंडून ऐकला असेल. व्हिडिओचं काम आधीच झालं होतं, मनात एक चित्र पक्कं बसलं होतं आणि ते चित्र समोरच्या माणसावर चिकटवलं गेलं. हा रस्त्यावरचा क्षण. त्यासाठी लागणारी साक्षरता वेगळी आहे. हा माणूस कोण, कुठला, त्याच्या गावच्या सरपंचाला फोन लावता येईल का, तोवर त्याला हात न लावता बसवून ठेवायची जबाबदारी कोण घेतो, हे प्रश्न विचारण्याची ती साक्षरता आहे.

बोलणं कुठे संपतं आणि चिथावणी कुठे सुरू होते

श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला गुन्हा ठरवणारं कलम ६६ अ रद्द केलं. त्या निकालाने तीन पायऱ्या वेगळ्या केल्या: एखाद्या विषयाची चर्चा, त्याचा पुरस्कार आणि प्रत्यक्ष चिथावणी. पहिल्या दोन कितीही बोचणाऱ्या असल्या तरी त्यांना अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणाऱ्या घटनेच्या कलम १९(१)(अ) चं संरक्षण आहे, बंधन घालता येतं ते तिसऱ्या पायरीवर. हा निकाल आपल्या राज्याशीही जोडलेला आहे. त्याची याचिका २०१२ मध्ये पालघरमधल्या दोन तरुणींना एका साध्या फेसबुक पोस्टवरून झालेल्या अटकेनंतर दाखल झाली होती. त्यातल्या एकीने पोस्ट लिहिली होती, दुसरीने ती फक्त लाइक केली होती.

ही कसोटी राईनपाड्याच्या साखळीला लावून बघा. कराचीच्या संस्थेने व्हिडिओ केला, त्यात गुन्हा नाही. कोणीतरी शेवट कापला आणि त्याला खोटा दावा जोडला, त्याचा हेतू वाईट असेल तर तो दोषी आहे, पण तो सापडणं अवघड. मग हजारो लोकांनी तो पुढे पाठवला, बहुतेकांनी भीतीपोटी आणि आपल्या माणसांच्या भल्यासाठी. यांना चिथावणीखोर म्हणायचं? मग बाजारात कुणीतरी माणसांकडे बोट दाखवून ओरडलं, हे आलेच ते. माझ्या मते चिथावणीची रेषा इथे ओलांडली गेली. शब्द आणि हिंसा यांच्यात विचार करायला जागाच उरली नाही असं बोलणं ते हेच. शेवटी ज्यांनी हात उचलला, त्यांचा गुन्हा तर भाषणाचा नाहीच, तो सरळ खून आहे.

ही साखळी नीट न पाहता उपाय केले की ते चुकीच्या कडीवर बसतात. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी आलेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मोठ्या मेसेजिंग सेवांना मजकुराचा पहिला प्रवर्तक शोधून देण्याचं बंधन घातलं गेलं. तो पहिला माणूस देशाबाहेरचा असेल तर भारतात तो मजकूर सर्वांत आधी पाठवणाऱ्यालाच पहिला प्रवर्तक मानावं, असंही त्या नियमात आहे. राईनपाड्याच्या व्हिडिओला हा नियम लावला तर हाती काय लागेल? मुळाशी मुलांसाठी झटणारी एक संस्था, आणि भारतातला पहिला पाठवणारा म्हणून कदाचित परदेशातल्या नातेवाइकाकडून व्हिडिओ मिळालेला एखादा घाबरलेला बाप. या एका माणसाला गाठण्यासाठी सगळ्यांच्या संभाषणाचं कुलूप, म्हणजे पाठवणारा आणि वाचणारा सोडून कुणालाही मजकूर न दिसू देणारं एन्क्रिप्शन, तोडावं लागेल, असं सांगत व्हॉट्सअॅपने मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. कंपनीचा स्वतःचा स्वार्थ त्यात असला तरी मुद्दा खोटा ठरत नाही. पत्रकार, कार्यकर्ते, घरातल्या छळाबद्दल मैत्रिणीला लिहिणारी बाई, या सगळ्यांची सुरक्षितता त्या कुलपावर अवलंबून आहे.

इंटरनेट बंद करण्याचा उपायही करून झाला होता. राईनपाड्याच्या तीनच दिवस आधी, २८ जूनला, त्रिपुरात राज्याच्या माहिती विभागाने ध्वनिक्षेपक देऊन गावोगाव पाठवलेल्या एका माणसाला जमावाने ठार मारलं. अफवांवर विश्वास ठेवू नका हेच सांगायला तो गेला होता. त्यानंतर तिथे ४८ तासांसाठी इंटरनेट आणि एसएमएस बंद ठेवले गेले. इंटरनेट बंद झाल्यावर अफवा थांबत नाही, ती तोंडी चालू राहते. थांबतं ते तिचं खंडन, मदतीची हाक आणि बातमी. एका माणसाने फाट्यावर उभं राहून भोंग्यातून सांगितलं की लोक ऐकतील हा समजही त्या मृत्यूने खोडून काढला. सांगणारा त्या गावाला परका असेल तर तोच संशयित होतो.

सरकारनेच खरं-खोटं ठरवावं, हा तिसरा मार्ग. केंद्राने २०२३ मध्ये आपल्या कारभाराविषयीच्या मजकुरासाठी सत्य-पडताळणी कक्षाची तरतूद आणली. मुंबई उच्च न्यायालयात आधी दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाले आणि तिसरे न्यायमूर्ती अ. श. चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. मला हा निकाल योग्य वाटतो. तसा कक्ष २०१८ मध्ये असता तरी राईनपाड्यात त्याचा काय उपयोग होता, हाही प्रश्न आहेच.

काय कामी आलं

३ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने व्हॉट्सअॅपला खडसावणारं पत्र दिलं. १० जुलैला पुढे पाठवलेल्या मेसेजवर तशी खूण दिसू लागली. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच चॅटवर मजकूर पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली, जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून अनेकदा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच चॅटवर पाठवता येतो. पहिल्या मर्यादेनंतर पुढे पाठवण्याचं प्रमाण जगभरात २५ टक्क्यांनी घटलं, असं कंपनीचं म्हणणं आहे. आकडा कंपनीचा आहे, तेव्हा तेवढ्या सावधपणेच तो घ्यावा. पण या उपायाची दिशा मला बरोबर वाटते. त्यात कुणाचं बोलणं वाचलं जात नाही, कुणाचं तोंड बंद होत नाही, फक्त मजकुराचा वेग कमी होतो. अफवेची सगळी ताकद वेगात असते.

१७ जुलैला तहसीन पूनावाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जमावहिंसेविरुद्ध सविस्तर निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमावा, खटले जलदगतीने, शक्यतो सहा महिन्यांत चालवावेत, बळींच्या कुटुंबांसाठी भरपाईची योजना करावी. भडकाऊ मजकूर पसरवणाऱ्यांवर भारतीय दंडविधानाच्या, समाजांमध्ये वैर पसरवण्याबद्दलच्या कलम १५३ अ खाली गुन्हे नोंदवावेत, असंही त्यात होतं. या शेवटच्या निर्देशाबद्दल माझ्या मनात शंका आहे, ती वर सांगितलेल्या साखळीमुळेच. बाकीचे निर्देश मात्र नेमके आहेत, कारण ते हिंसेवर रोखलेले आहेत. दंडविधानाच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी जात, समाज, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून एकत्र येऊन केलेल्या खुनासाठी कलम १०३(२) आलं. ही संहिता लागू झाली १ जुलै २०२४ रोजी, राईनपाड्याला बरोबर सहा वर्षं झाली त्या दिवशी.

तेलंगणातल्या जोगुलांबा गदवाल भागात त्याच काळात पोलीस अधीक्षक रेमा राजेश्वरी यांनी वेगळा रस्ता धरला होता. प्रत्येक गाव एकेका पोलिसाला दत्तक दिलं होतं. तो पोलीस गावात ओळखीचा होता, लोकांच्या फोनमधला मजकूर त्याच्यापर्यंत पोहोचत होता. मग लोककलावंत आणि डफवाले गावोगाव जाऊन गाण्यांतून त्या अफवा खोट्या असल्याचं सांगत होते. त्यांच्या हद्दीतल्या ४०० गावांमध्ये या अफवेने कुणाचा जीव गेला नाही. सांगणारा ओळखीचा होता आणि सांगण्याची रीत गावाची होती. त्रिपुरातल्या भोंग्यापेक्षा हे वेगळं ठरलं ते यामुळे.

शाळांचं काय, हा प्रश्न राहतो. बिहारमध्ये २०१९ च्या निवडणुकीच्या काळात सुमित्रा बद्रीनाथन यांनी प्रौढांना तासभराचं प्रशिक्षण देऊन पाहिलं, खोट्या बातम्या ओळखण्याच्या क्षमतेत एकूण फारसा फरक पडला नाही. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बिहारमध्येच शाळकरी मुलांसाठी काही महिने चालणारे वर्ग घेतले, ५८३ गावांमधल्या १३ हजारांहून अधिक मुलांना त्यात घेतलं. त्या मुलांना खरं-खोटं अधिक चांगलं ओळखता येऊ लागलं, तो फरक पुढेही टिकला आणि घरातल्या मोठ्यांपर्यंतही पोहोचला. एका तासाची कार्यशाळा आणि वर्गात महिनोन्‌महिने चालणारं शिक्षण यांत एवढं अंतर आहे. आपल्याकडे मात्र पहिल्या प्रकाराचाच सुकाळ आहे: एक पाहुणा, एक सादरीकरण, शेवटी प्रमाणपत्र.

आठवी-नववीच्या वर्गात राईनपाडा शिकवायचा तर मी तो चार-पाच आठवड्यांत शिकवीन. पहिल्यांदा कापलेला व्हिडिओ दाखवायचा आणि काय दिसलं ते मुलांकडून लिहून घ्यायचं. मग पूर्ण व्हिडिओ दाखवायचा आणि तेच लिखाण त्यांनाच तपासायला द्यायचं. पुढच्या आठवड्यात भटक्या समाजांचा इतिहास, जमल्यास त्या समाजातल्या कुणाला वर्गात बोलावून, त्यांच्याच तोंडून. मग बाजारातला प्रसंग: एक जण ओरडला, तू तिथे उभा आहेस, तुझ्या हातात फोन आहे, पहिला कॉल कुणाला? इथे मुलांना ११२ हा क्रमांक पाठ हवा आणि सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक यांची नावं माहीत हवीत. आपल्या गावात तो कॉल लागतो का, किती वेळात कोण येतं, हे त्यांनी गावात जाऊन विचारून यायचं. उत्तरं ग्रामसभेत वाचून दाखवायची. कोणी येत नाही असं उत्तर असेल, तर तेही तसंच वाचायचं आणि बाजाराच्या दिवशी एक पोलीस गावात असावा अशी मागणी ठरावात घालायची.